महिनाभर बाहेरगावी धंद्याला जातेय, पहिल्यांदाच एकटी. काय काळजी घेऊ?

पुण्याची_एकटी

नमस्कार. लिहितेय पहिल्यांदाच, वाचते मात्र रोज.

मी ३४ वर्षांची, पुण्यात धंदा करते. आधी सहा वर्षं घरवालीकडे, म्हणजे कोठ्याच्या मालकिणीकडे, होते, आता तीन वर्षं झाली माझं मी बघते, फोनवर, ठरलेली गिऱ्हाइकं. या वर्षी काम फार कमी झालंय आणि खर्च वाढतच चाललाय, खोलीचं भाडं वाढलं, पोरगी दहावीला गेली तिच्या क्लासची फी आहे. एक मैत्रीण म्हणायची की बाहेर पड, महिनाभर फिर, आधी कोल्हापूर मग बेळगाव मग गोवा, एकेका ठिकाणी आठ आठ दिवस, नवीन बाई आली की काम येतंच. तिने स्वतः केलेलं हे सगळं पण ती आता कायमची गावी गेली आणि तिचा नंबर लागत नाही.

मी आयुष्यात एकटी लॉजवर राहिलेली नाही हो. पुण्यात काही झालं तर खाली मावशी आहे, हाक मारली की येते. रात्री अपरात्री नेणारा रिक्षावाला ओळखीचा आहे, मेडिकलवाला ओळखतो. तिकडे कोण आहे माझं.

तर विचारायचं असं की लॉजवर आधार कार्ड द्यावंच लागतं का, पैसे जवळ किती ठेवायचे, मधेच पाळी आली तर काय करता, तब्येत बिघडली तर कुठल्या डॉक्टरकडे जायचं, आणि पोलीस आले तर काय. घरी कॅटरिंगच्या कामाला जातेय असं सांगितलंय, पोरगी बहिणीकडे राहील.

सोडून दे असा सल्ला प्लीज देऊ नका, तो नऊ वर्षं ऐकतेय.

मिरजेची_अक्का

पोरी, आधी बस. पाणी पी. घाबरलीयस ते अक्षरातनं कळतंय आणि घाबरलीस ते बरंच हाय, बेफिकीर बाई जास्त अडकते.

मी १४ वर्षं पिअर म्हणून काम केलंय म्हणजे बायकांना निरोध वाटणं, तपासणीला घेऊन जाणं, कोणाला मार लागला तर सिव्हिलला बसणं. त्याआधी मी पण फिरलीय. तुला एकच सांगते ते नीट ऐक, बाकी सगळं नंतर. गावात पाय ठेवायच्या आधी त्या गावातली धंद्यातली एक बाई तुझ्या ओळखीची पाहिजे. लॉज नंतर बघ, रेट नंतर बघ, गिऱ्हाईक तर सगळ्यात शेवटी. आधी बाई.

का सांगते ऐक. २०११ साली मी एका गावाला गेले, गाव सांगत न्हाई. तिसऱ्या दिवशी ताप भरला, अंगाला हात लावला तर चटका बसत होता, लॉजवाल्यानं बघितलं आणि म्हणाला इथं काय झालं तर आम्हाला लफडं नको, रात्री अकराला सामान बाहेर ठेवलं. मी एसटी स्टँडवर शेवटच्या फलाटाला बसून र्‍हायले, अंगावर चादर, बॅग पायात धरलेली. पाच वाजता कॅन्टीन उघडलं आणि तिथल्या म्हातारीनं विचारलं कुठं जायचं तेव्हा मला रडू फुटलं. तिनं चहा दिला आणि पहिल्या गाडीत बसवलं. मलेरिया निघाला. त्या गावात आमच्यातल्या पन्नास साठ बायका होत्या हे मला नंतर कळलं गं, स्टँडपासनं दहा मिनिटावर. एकीचाही नंबर नव्हता माझ्याकडं.

आता ती बाई शोधायची कशी. बहुतेक जिल्ह्यांत आपल्या बायकांसाठी सरकारचा टीआय प्रोजेक्ट असतो, एचआयव्ही टाळायचं काम करणारा, त्यात पिअर बायका असतात आपल्यातल्याच. तू पुण्यात आहेस तर बुधवार पेठेत सहेली संघ ही आपल्या बायकांची संस्था आहे तिथं जाऊन सांग की मी अमुक गावी चाललीय, तिथल्या पिअरचा नंबर द्या. सांगली मिरजेत आणि सीमाभागात वेश्या अन्याय मुक्ती परिषद हाय, १९९६ पासनं, बायकांनीच उभी केलेली, त्यामुळं कोल्हापूर बेळगावला तुला माणूस मिळेल. गोव्याचं जरा अवघड, बायणा ही तिथली आपली वस्ती २००४ ला पाडली, तवापासनं तिथं एक अशी वस्ती राहिली न्हाई, बायका सगळीकडं विखुरल्या. काहीच जमलं न्हाई तर १०९७ या एड्स हेल्पलाइनला फोन लाव, फुकट लागतो, मराठीतपण बोलतात, जवळची तपासणीची जागा कुठं आहे ते सांगतात, आणि त्या जागेवरच्या बाईला पिअरचा विचार.

आणि पोचल्यावर त्या बाईकडं रिकाम्या हातानं जाऊ नकोस. पुण्याहनं बाकरवडी ने. तिच्या गावात तू कमवायला आलीयस हे तिला तोंडावर सांग, लपवलंस तर ती तुझी वैरी होईल आणि सांगितलंस तर रात्री दोनला उठून येईल. हे मी दोन्ही बघितलंय.

बाकीचं पोरी बाकीच्या सांगतील. माझं अजून एक, खोबरेल तेलाची बाटली. ती घे, केसाला घे, पण निरोधच्या जवळ आणू नकोस. आम्ही ट्रेनिंगला करून दाखवतो, निरोध फुगवायचा फुग्यासारखा, गाठ मारायची, त्यावर बोटानं तेल चोळायचं, आणि बायकांना म्हणायचं बघा आता. जरा वेळ काहीच होत न्हाई, बायका हसतात, मग तो मऊ पडतो आणि फट करून फुटतो, सगळ्या गप्प होतात. व्हॅसलीन, बॉडी लोशन, कुठलंबी तेल तसंच. पाण्यातली जेली घ्यायची, मेडिकलला मिळते, प्रोजेक्टमध्ये फुकट असली तर माग. निरोध उन्हात तापलेल्या बॅगेत ठेवायचे न्हाईत, तारीख बघायची, आणि दोन एकावर एक घातले की जास्त सेफ असं कोण म्हणालं तर ते खोटं आहे, घासून दोन्ही फाटतात.

रातराणी_८८

अक्का म्हणतायत ते शंभर टक्के. मी सहा वर्षं फिरते, मुंबई नाशिक नागपूर गोवा, महिन्यातले बारा पंधरा दिवस बाहेर. मी फोन आणि लॉजचं सांगते कारण माझी सगळी ठेच त्यातच लागली.

आधार. हो, लॉजवाला ओळखपत्र मागणारच, त्याला रजिस्टर ठेवावं लागतं. पण पूर्ण आधारची झेरॉक्स द्यायची गरज नाही, आधारच्या साइटवरून मास्क्ड आधार डाउनलोड होतं त्यात नंबरचे फक्त शेवटचे चार आकडे दिसतात, ते दे. झेरॉक्सवर पेनाने तिरकं लिही, फक्त या लॉजसाठी, तारीख टाक. खोटं कार्ड कधीही देऊ नकोस, रेड पडली तर साधी गोष्ट फसवणुकीच्या केसमध्ये जाते.

रूम घेताना आधी वर जाऊन बघते मी, मगच पैसे. कडी आतून नीट लागते का, बाथरूमच्या खिडकीला जाळी आहे का, दोन रूमच्या मधे दार असेल तर ती रूम नको. पहिल्या मजल्यावरची, जिन्याजवळची रूम घ्यायची, कोपऱ्यातली शेवटची नको कारण तिथून ओरडलं तर कोणाला ऐकू येत नाही. माझ्या बॅगेत एक रबराचा तिरका ठोकळा असतो दाराखाली घालायचा, हार्डवेअरच्या दुकानात मिळतो, स्वस्तात. एकटी झोपताना तो घालते तेव्हाच मला झोप लागते.

फोन. कामाचं सिम वेगळं आणि शक्यतो फोनच वेगळा. व्हॉट्सॲपचा डीपी कामाच्या नंबरवर फक्त कॉन्टॅक्टला दिसेल असा. पोरीचा फोटो, शाळा, बिल्डिंग दिसणारं काही त्या फोनमध्ये ठेवूच नकोस. आणि यूपीआयचं लक्षात ठेव, कोणी पैसे पाठवले की त्याला तुझं बँकेतलं खरं नाव दिसतं. मी त्यामुळे कॅश घेते, आणि ज्याच्याकडून ऑनलाइन घ्यायचेच तो जुना असतो. पैसे आलेत हे आपल्या ॲपमध्ये बघायचं, त्याने दाखवलेला स्क्रीनशॉट बघून दार उघडायचं नाही, खोटे स्क्रीनशॉट बनवतात, मी दोनदा फसले.

कॅश साठू द्यायची नाही. रोज सकाळी चहा प्यायला बाहेर पडले की कॅश डिपॉझिट मशीनमध्ये टाकते, जवळ परतीच्या तिकिटाचे, दोन दिवसांच्या लॉजचे आणि दवाखान्याचे एवढेच. परतीचे पैसे वेगळे असतात माझे, सॅनिटरी पॅडच्या पाकिटात, तिथे कोणी हात घालत नाही.

आणि रोजचा फोन. माझी एक मैत्रीण आहे तिला मी प्रत्येक कामाआधी लॉजचं नाव रूम नंबर आणि गिऱ्हाइकाचा नंबर पाठवते, व्हॉट्सॲपवर लाइव्ह लोकेशन आठ तासांचं लावते. काम संपलं की "जेवले" असा मेसेज. ठरलेल्या वेळेच्या वर अर्धा तास गेला तर ती फोन करते. मी फोनवर "भाजी आणलीस का" असं विचारलं तर तिला कळतं की अडचण आहे, मग ती आधी लॉजच्या काउंटरला फोन करते आणि मग ११२. सहा वर्षांत एकदाच म्हणावं लागलंय मला ते. काउंटरवरचा पोऱ्या चहा घेऊन दार वाजवायला आला, तेवढ्याने तो माणूस निघून गेला.

तू ही मैत्रीण म्हणून बहिणीला ठेवू शकतेस का बघ. तिला माहीत नसेल तर मावशीला ठेव. कोणीतरी पाहिजेच.

खर्च वाचवायचा असेल तर दोघी मिळून एक रूम घेतात बऱ्याच जणी, सोबत पण होते.

किरण_पॅरालीगल

रातराणी बाकी सगळं पटलं पण शेवटचं वाक्य जरा थांबून वाचा सगळ्यांनी.

मी तृतीयपंथी आहे, आधी काम करायचे, आता विधी सेवा प्राधिकरणाची पॅरालीगल स्वयंसेवक आहे. १९५६ चा जो आपला कायदा आहे, पिटा म्हणतो आपण, त्यात कोठा कशाला म्हणायचं याची व्याख्या अशी आहे की दुसऱ्या कोणाच्या फायद्यासाठी किंवा दोन किंवा जास्त जणींच्या आपसातल्या फायद्यासाठी जागा वापरली तर तो कोठा. म्हणजे दोघी मैत्रिणी भाडं वाटून एका खोलीत काम करतायत, कोणी कोणाची मालकीण नाही, तरी पोलिसांच्या हातात कोठा चालवल्याचं कलम येतं. मला हा कायदा अन्यायाचा वाटतो कारण सोबतीनेच बाई सुरक्षित राहते आणि सोबतीलाच गुन्हा केलाय. पण आज आहे तो असा आहे. म्हणून झोपायला एकत्र राहा, शेजारच्या खोल्या घ्या, काम एकाच खोलीत नको.

स्वतःच्या मर्जीने १८ वर्षांवरच्या व्यक्तीने हे काम करणं हा गुन्हा नाही. गुन्हा आहे तो कोठा चालवणं, दुसऱ्याला यात आणणं, दुसऱ्याच्या कमाईवर जगणं, रस्त्यावर उभं राहून बोलावणं, आणि देऊळ मशीद शाळा हॉस्टेल दवाखाना असल्या जागेपासून २०० मीटरच्या आत काम करणं. हे शेवटचं बाहेरगावी फार महत्त्वाचं कारण स्टँडजवळच्या निम्म्या लॉजच्या मागेच एखादं देऊळ किंवा दवाखाना असतो आणि नवीन बाईला ते माहीत नसतं. जाताना मॅपवर बघा. आणि गोव्यात चालतं गोव्यात काही होत नाही हा गैरसमज काढून टाका, कायदा केंद्राचा आहे, कोल्हापूर बेळगाव पणजी सगळीकडे तोच.

१९ मे २०२२ ला सुप्रीम कोर्टाचा आदेश आला, बुद्धदेव कर्मासकर केसमध्ये. त्यात समितीची शिफारस दिलीय की रेड पडली तर स्वखुशीने काम करणाऱ्या सज्ञान बाईला अटक करायची नाही, दंड लावायचा नाही, त्रास द्यायचा नाही, पण या शिफारशीवर केंद्र सरकारने आक्षेप घेतला म्हणून एवढा भाग सक्तीचा झाला नाही. सक्तीचं आहे ते पुढचं. जवळ निरोध सापडले हा पुरावा धरायचा नाही. लैंगिक अत्याचाराची तक्रार केली तर इतर कुठल्याही बाईसारखीच तातडीने दवाखान्याची मदत द्यायची. रेडचे फोटो नाव ओळख माध्यमांनी दाखवायचं नाही. तो आदेश मराठीत छापलेला मिळाला तर घ्या, संघटनांकडे असतो, चार घड्या घालून पर्समध्ये ठेवा. मी स्वतः एकदा चौकीत तो कागद उलगडून ठेवला टेबलावर. साहेब पहिल्या पानापर्यंतच वाचत होते पण आवाज खाली आला.

रेड पडलीच तर पळू नका, जिन्यावरून खिडकीतून उड्या मारून बायकांनी पाय मोडून घेतलेत. शांतपणे म्हणायचं मी सज्ञान आहे, माझ्या मर्जीने आहे. झडतीला दोन महिला पोलीस असल्या पाहिजेत आणि चौकशी महिला पोलीस अधिकाऱ्याने करायची, ती नसेल तर मान्यताप्राप्त संस्थेच्या बाईसमोर, हे पिटामध्येच लिहिलंय. वाचल्याशिवाय कशावरही सही नाही. सुधारगृहात पाठवायचं बोलले तर वकील मागायचा, १५१०० हा फुकट कायदा मदतीचा नंबर आहे, पाठ करा, फोन काढून घेतला तर डोक्यात असावा.

गिऱ्हाइकाने मारलं, पैसे हिसकावले, फोटो काढून धमकावलं तर तक्रार कुठल्याही ठाण्यात देता येते, घटना दुसऱ्या गावात घडली तरी, त्याला झिरो एफआयआर म्हणतात. म्हणजे गोव्यात झालं आणि तुम्ही घाबरून पुण्याला आलात तरी पुण्यात देता येते.

आणि माझ्यासारख्या फिरणाऱ्यांसाठी, तृतीयपंथीयांच्या दुसऱ्या घराण्याच्या हद्दीत जाताना आधी तिथल्या गुरूंच्या कानावर घाला. अक्का म्हणाल्या तेच, माणूस आधी.

पुण्याची_एकटी

वाचताना हात थरथरत होते माझे. २०० मीटरचं मला नऊ वर्षांत कोणी सांगितलं नव्हतं. आमच्या गल्लीत तर देवळाची घंटा खोलीत ऐकू येते.

तब्येतीचं कोणी सांगाल का. आणि पाळीचं. मी आत्तापर्यंत त्या चार दिवसांत सुट्टी घ्यायचे पण बाहेर गेल्यावर लॉजचं भाडं तर चालूच राहणार ना.

समुपदेशक_ताई

मी सरकारी रुग्णालयात आयसीटीसीला, म्हणजे एचआयव्ही समुपदेशन आणि तपासणी केंद्रात, समुपदेशक आहे, अकरा वर्षं. तुम्हाला थोडं सविस्तर लिहिते.

निघण्याआधी पुण्यात एकदा तपासणी करून घ्या, एचआयव्ही आणि सिफिलिस दोन्ही, फुकट आहे. दर सहा महिन्यांनी या दोन्ही टेस्ट आणि दर तीन महिन्यांनी अंतर्गत तपासणी असा हिशोब ठेवायचा. तुमच्या संमतीशिवाय एचआयव्हीची टेस्ट करता येत नाही आणि रिपोर्ट दुसऱ्याला सांगता येत नाही, २०१७ चा कायदाच आहे तसा. हिपॅटायटिस बी ची लस घेतली नसेल तर सुरू करा, तीन डोस असतात, पहिला, एक महिन्याने, सहा महिन्यांनी.

बाहेरगावी अंगावरून घाण वास येणारं पाणी जाणं, फोड, जळजळ, ओटीपोटात दुखणं असं काही झालं तर मेडिकलवर जाऊन "दोन तीन गोळ्या द्या" करू नका. बायका हेच करतात आणि अर्धवट औषधाने आजार आत दबून राहतो. मोठ्या सरकारी रुग्णालयात सुरक्षा क्लिनिक असतं, तिथे लक्षणांप्रमाणे रंगीत पाकिटातली औषधं फुकट देतात, पूर्ण कोर्स. ताप आणि ओटीपोटात दुखणं एकत्र असेल तर त्याच दिवशी जा.

निरोध फाटला तर. घाबरून आत साबण, डेटॉल, लिंबू काहीही घालून धुऊ नका, त्याने आतली त्वचा सोलते आणि धोका वाढतो. बाहेरून साध्या पाण्याने धुवा, लघवीला जा. मग घड्याळ बघा. एचआयव्ही टाळायची जी औषधं असतात, पेप म्हणतात, ती ७२ तासांच्या आत सुरू व्हायला लागतात, जितकी लवकर तितकी चांगली, पहिल्या दोन तासांत मिळाली तर उत्तमच, आणि पुढे २८ दिवस रोज. सरकारी रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत किंवा एआरटी केंद्रात, म्हणजे एचआयव्हीच्या गोळ्या देतात तिथे, विचारा, तिथे जमलं नाही तर खाजगी डॉक्टर लिहून देऊ शकतात. बलात्कार झाला असेल तर कुठलंही रुग्णालय, सरकारी असो की खाजगी, फुकट उपचार द्यायला बांधील आहे, आधी पोलीस केस करून या असं म्हणता येत नाही. गर्भ राहू नये म्हणून गोळी पण ७२ तासांच्या आतच, पण ती दर आठवड्याला खायची गोष्ट नाही, सारखी लागत असेल तर तांबी किंवा इंजेक्शनचं बोला.

पाळी. ज्या बायका त्या दिवसांत काम करतात त्यातल्या खूप जणी कापूस किंवा स्पंज आत ठेवतात. मला माहीत आहे म्हणून लाजू नका. माझ्याकडे एक ताई आली होती, आठ दिवस वास येतोय, ताप येतोय, घाबरली होती की मोठा रोग झाला. डॉक्टरांनी तपासलं तर आत कापसाचा बोळा राहिलेला, ती विसरली होती. काढला, औषधं दिली, चार दिवसांत बरी झाली, पण अजून थोडे दिवस गेले असते तर जिवावर बेतलं असतं. तर कापूस नकोच. खास त्यासाठी बनवलेला मऊ कप किंवा डिस्क मिळते, ती निघण्याआधी दोन महिने घरी वापरून सवय करा, प्रवासात पहिल्यांदा नको. आणि त्या दिवसांत निरोध दुप्पट काटेकोर, कारण रक्तातून लागण लवकर होते. पण मला विचाराल तर तारखा बघून प्रवासाचे दिवस आणि पाळीचे दिवस एकत्र ठेवा. त्या चार दिवसांत गाव बदला, कपडे धुवा, झोपा.

बारा_वर्षं_पॉझिटिव्ह

एक राहिलं म्हणून लिहितेय, विचारणाऱ्या ताईसाठी नाही पण वाचणाऱ्या कोणासाठी तरी.

मी पॉझिटिव्ह आहे, बारा वर्षं गोळ्या चालू, तब्येत ठणठणीत, व्हायरल लोड म्हणजे रक्तातला विषाणू सापडत नाही इतका कमी. फिरते पण. निघायच्या आधी एआरटी केंद्राला सांगायचं की मी इतके दिवस बाहेर आहे, तब्येत स्थिर असेल तर जास्त दिवसांच्या गोळ्या देतात. केंद्राचं हिरवं पुस्तक, ज्यात उपचाराची नोंद असते, ते बरोबर ठेवायचं, गोळ्या संपल्या किंवा चोरीला गेल्या तर दुसऱ्या गावच्या केंद्रात ते पुस्तक दाखवलं की मदत होते. मी गोळ्या डब्यातून काढून कॅल्शियमच्या बाटलीत ठेवायचे कोणी बघू नये म्हणून, सिस्टर ओरडली, ओल लागते म्हणाली, आता डबा तोच ठेवते फक्त वर कापडाची पिशवी शिवलीय. वेळ रात्री नऊची. गिऱ्हाईक असलं तरी नऊला मी "बीपीची गोळी" म्हणून घेते.

एकदा कोकणात चार दिवस चुकले कारण बॅग गाडीत राहिली. तेव्हापासून गोळ्या बॅगेत नाही, पर्समध्ये, पर्स गळ्यात.

रातराणी_८८

किरण, व्याख्येचं खरंच माहीत नव्हतं. आम्ही दोघी नागपूरला तसंच राहिलोय किती वेळा. यापुढे शेजारच्या खोल्या. थँक्यू.

आणि एकटी ताई, पैशाचं एक सांगायचं राहिलं. बायका महिन्याचा हिशोब करताना तीस दिवस कामाचे धरतात. तसं नाही होत. प्रवासाचा दिवस गेला, पाळीचे गेले, एक दिवस पोट बिघडणार, एक दिवस काम येणारच नाही. मी तीसातले सोळा कामाचे धरते आणि त्यावर रेट ठरवते, मग हातात काही उरतं आणि नको वाटणाऱ्या माणसाला नाही म्हणता येतं. भाडं अंगावर आलं की बाई नाही म्हणायचं सोडते, आणि माझ्या बाबतीत जे जे वाईट झालंय ते अशा दिवशीच झालंय जेव्हा दुसऱ्या दिवशीचं लॉजचं भाडं हातात नव्हतं.

एसटीने जा, महाराष्ट्रात बायकांना अर्धं तिकीट आहे २०२३ पासून, पण बेळगाव गोव्याला जाताना ती सवलत हद्दीपर्यंतच, पुढचं पूर्ण. रात्री पोचणारी गाडी घेऊ नकोस, दुपारी पोचायचं म्हणजे उजेडात लॉज बघता येतं.

आणि गिऱ्हाइकाने आणलेलं फुटलेल्या सीलचं काही प्यायचं नाही, पाण्याची बाटली स्वतःची.

मिरजेची_अक्का

समुपदेशक ताईंनी सगळं सांगितलं, मी मनाचं सांगते कारण त्याबद्दल कोण बोलत न्हाई.

लॉजमध्ये चौथ्या पाचव्या दिवशी खोली अंगावर येते. टीव्ही चालू, पडदा ओढलेला, सकाळ का संध्याकाळ कळत न्हाई, तू दोन दिवस कोणाशी कामाशिवाय बोललेली नसतीस. तेव्हा बायका दारू जास्त पितात, मी पण प्यायचे. त्याच्यावर मला एकच उपाय सापडला की रोज सकाळी कामाचे कपडे नसलेले, आपले घरचे कपडे घालून तासभर बाहेर पडायचं. कोल्हापूरला आलीस तर अंबाबाईला जा, रंकाळ्यावर बस. भाजी घे, न लागली तरी घे, भाजीवालीशी भांड दोन रुपयासाठी. कोणीतरी तुला मावशी म्हणतं, ताई म्हणतं, कामाच्या नावानं नव्हं. माणसात आल्यासारखं वाटतं गं.

घरची एक चादर ने. लॉजची स्वच्छ असली तरी तुझी अंथर, फक्त झोपायला, कामाला न्हाई. माझी निळी होती, फुलाफुलाची, मुलाच्या बाळंतपणातली. त्या चादरीवर मी कधी गिऱ्हाईक बसू दिलं न्हाई.

पोरीला रोज एकाच वेळेला फोन कर. दहावीची पोर आहे, तिला वेळ कळते.

पुण्याची_एकटी

काय बोलू कळत नाहीये. काल रात्री तीन वेळा वाचलं.

तर ठरलं असं. महिना नाही, पहिल्यांदा दहाच दिवस आणि फक्त कोल्हापूर. बेळगाव गोवा नंतर बघू. सोमवारी टेस्ट करून आले, समुपदेशक बाई चांगल्या होत्या, लसीचा पहिला डोस पण तिथेच चौकशी करून घेतला. सहेली संघात गेले, त्यांनी कोल्हापूरच्या एका ताईंचा नंबर दिला आणि मी दुपारी लावला पण, त्या म्हणाल्या येताना थेट माझ्याकडे ये, लॉज मी दाखवते, स्टँडसमोरचं घेऊ नकोस, मागेच शाळा आहे. मला एकदम किरणताईंचं आठवलं.

मावशीला सांगितलं मी. ती "जेवले" मेसेज वाचायला शिकतेय, तिला फोनमध्ये वाचता येत नव्हतं नीट, कालपासून पोरगीच शिकवतेय तिला, का शिकवतेय ते पोरीला माहीत नाही.

१५१००, ११२, १०९७ पाठ केले. दाराचा ठोकळा तीन दुकानं फिरल्यावर मिळाला.

अक्का, चादर कुठली न्यायची ते ठरत नाहीये, पोरीने रंगवलेली एक आहे शाळेतल्या बाटिकची, ती न्यावी की नको?

मिरजेची_अक्का

ने. फक्त तिला विचारून ने, आई काम करते तिथं थंडी असते म्हण.

आणि बाकरवडी विसरू नकोस, दोन पुडे घे, कोल्हापूरची ताई एकटी राहत न्हाई, तिच्याकडं अजून तिघी असतात.